मायनक्राफ्टमधलं मशरूम बेट कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला इंदिरानगरमधे राहतो आणि सोसायटीतल्या, क्लासमधल्या पोरांसोबत मायनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममधलं एक सर्वायव्हल जग (जिथे स्वतः सामान गोळा करून जगायचं असतं) चालवतो. दर सुट्टीत तेच प्रश्न येतात, कोणी व्हॉइस नोट पाठवतं, कोणी पाण्याचा स्क्रीनशॉट टाकून "दादा अजून किती लांब" विचारतं, मधेच एखाद्या आईचा पण मेसेज असतो. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न ज्याने जसे विचारले तसेच ठेवलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. दादा, मशरूम फील्ड्स म्हणजे नक्की काय आणि सगळे त्याच्या मागे का लागलेत?

मशरूम फील्ड्स हा मायनक्राफ्टमधला एक बायोम (वाळवंट, जंगल असा जागेचा एक प्रकार) आहे, बहुतेक जण त्याला मशरूम आयलंडच म्हणतात कारण तो जवळपास नेहमी समुद्राच्या मधोमध बेटासारखा असतो. गेमचं १.० व्हर्जन नोव्हेंबर २०११ मधे आलं त्यासोबत हा आला, म्हणजे तसा जुना बायोम आहे. जमिनीवर गवत नसतं, राखाडी-जांभळट मायसेलियम असतं, झाडं नसतात, त्याऐवजी घराएवढ्या लाल-तपकिरी मशरूम उभ्या असतात, आणि अंगावर मशरूम उगवलेल्या लाल गायी फिरतात त्यांना मूशरूम म्हणतात. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला रानात गेलं की कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या दिसतात ना, त्या घराएवढ्या झाल्या असं समज.

धावपळ करायचं खरं कारण म्हणजे इथे रात्री झोंबी, स्केलेटन, क्रीपर असे मॉन्स्टर तयार होत नाहीत. जमिनीखालच्या अंधारात पण नाही. शांतपणे मोठं घर बांधायचं असेल तर अख्ख्या जगात याच्याइतकी चांगली जागा नाही असं माझं ठाम मत आहे. (याला काही अपवाद आहेत, ते १३ मधे.)

२. मला डार्क फॉरेस्टमधे मोठ्या मशरूम दिसल्या, तेच ना ते?

नाही. डार्क फॉरेस्टमधे पण मोठ्या मशरूम येतात आणि नवीन मुलं हमखास तिथे फसतात. मशरूम वर असते, तू खाली जमीन बघ. गवत असेल आणि बाजूला दाट काळपट झाडं असतील तर ते डार्क फॉरेस्ट, तिथे तर दिवसासुद्धा झाडाच्या सावलीत क्रीपर भेटतो. नेदरमधल्या, म्हणजे पोर्टलमधून जायच्या पाताळासारख्या दुसऱ्या जगातल्या, लाल-निळ्या जंगलात जे मोठे फंगस दिसतात त्यांचा पण याच्याशी संबंध नाही. मायसेलियम आणि मूशरूम दोन्ही दिसलं तरच बेट सापडलं म्हणायचं.

३. चार दिवस झाले फिरतोय, वाळवंट सापडलं, जंगल सापडलं, बर्फ सापडला, हेच का सापडत नाही?

कारण तू जमिनीवर शोधतोयस. हे एकदा नीट समजून घे, पुढचं सगळं यावरच आहे.

२०२१ च्या नोव्हेंबरमधे १.१८ आलं तेव्हापासून गेम प्रत्येक जागेला काही आकडे देतो, त्यातला एक आकडा सांगतो की ही जागा जमिनीच्या किती आत किंवा समुद्रात किती लांब आहे. त्याला कॉन्टिनेंटलनेस म्हणतात. आकडा जास्त असेल तर खंडाच्या आत, साधारण उणे ०.१९ च्या खाली गेला की समुद्र सुरू, उणे ०.४५५ च्या खाली खोल समुद्र, आणि उणे १.०५ च्याही खाली गेला तरच मशरूम फील्ड्स. म्हणजे सगळ्या जमिनींपासून सगळ्यात लांब, खोल समुद्राच्याही पलीकडे जी जागा उरते तिथे हे बेट वर येतं. आकडा इतका खाली फारच कमी ठिकाणी जातो म्हणून ते दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या भोवती खोल पाणी असतं.

गंगापूर धरणाच्या काठाकाठाने कितीही चाललास तरी मधल्या पाण्यात काय आहे ते कळत नाही, तसंच आहे हे. किनारा सोडावा लागतो. आणि थंड-गरमचा काही संबंध नाही, बर्फाळ समुद्रात पण बेट असू शकतं आणि गरम समुद्रात पण.

४. कमांडने लगेच सापडतं का? पीसीवर जावा एडिशन आहे.

हो. चॅट उघडून स्लॅश देऊन लोकेट, मग स्पेस, बायोम, स्पेस, मायनक्राफ्ट कोलन मशरूम अंडरस्कोर फील्ड्स असं इंग्रजी अक्षरात टाइप करायचं. टाइप करताना टॅब दाबलं की गेम स्वतःच नाव पूर्ण करतो त्यामुळे स्पेलिंगची काळजी नको. हे १.१९ पासून असं आहे, १.१६ ते १.१८ मधे लोकेट आणि बायोम जोडून एकच शब्द होता, जुन्या व्हिडिओत तसं दिसेल आणि आता चालणार नाही.

चीट्स (अशा कमांड वापरायची परवानगी) बंद ठेवून जग बनवलं असेल तर पॉज मेनूमधून ओपन टू लॅन कर, तिथे चीट्स ऑन कर, मग कमांड चालते. जगातून बाहेर पडून परत आलास की चीट्स परत बंद. जावामधे यामुळे अ‍ॅडव्हान्समेंट (काही ठरलेलं करून दाखवल्यावर गेम देतो ती नोंद, बेडरॉकमधे तिला अचिव्हमेंट म्हणतात) बंद होत नाहीत.

"सापडलं नाही" असं उत्तर आलं तर घाबरू नको. कमांड तुझ्यापासून ६४०० ब्लॉकच्या आतच शोधते. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर धरला तर ६.४ किलोमीटर, सीबीएसवरून निघालास तर नाशिकरोड स्टेशन पण यायचं नाही एवढंच अंतर. जग त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. कुठल्याही एका दिशेला पाच-सहा हजार ब्लॉक जाऊन परत कमांड दे.

५. मी मोबाईलवर खेळते, तिथे हीच कमांड चालेल का? अचिव्हमेंट जातील का?

मोबाईल, कन्सोल आणि विंडोजवरचं ते बेडरॉक एडिशन. तिथे पण लोकेट बायोम आहे पण बायोमचं नाव जुनंच राहिलंय, मशरूम अंडरस्कोर आयलंड. फील्ड्स टाइप केलं तर एरर येते, निम्म्या मुली-मुलांची गाडी तिथेच अडते.

आणि अचिव्हमेंटचं विचारलंस ते फार बरं केलंस. बेडरॉकमधे एकदा चीट्स चालू केले की त्या जगातले अचिव्हमेंट कायमचे बंद होतात, नंतर चीट्स बंद केले तरी परत येत नाहीत. म्हणून खऱ्या जगात कमांड देऊच नको. जगाच्या सेटिंगमधे कॉपी वर्ल्ड आहे, कॉपी बनव, कॉपीमधे चीट्स चालू कर, कमांड दे, आलेले आकडे वहीत लिही, कॉपी डिलीट कर आणि खऱ्या जगात त्या आकड्यांवर जा. कॉर्डिनेट (आपण कुठे आहोत ते सांगणारे एक्स, वाय, झेड आकडे) दाखवायचं सेटिंग मात्र बिनधास्त चालू ठेव, ते चीट धरत नाहीत.

६. सीड टाकून वेबसाइटवर बघणं म्हणजे चीटिंग आहे का?

चंकबेस नावाची साइट आहे, तिथे आपल्या जगाचा सीड (ज्या आकड्यावरून गेम अख्खं जग बनवतो तो) टाकला की अख्खा नकाशा रंगात दिसतो आणि मशरूम फील्ड्स हायलाइट करता येतं. जावामधे स्लॅश सीड कमांडने सीड मिळतो, बेडरॉकमधे जगाच्या सेटिंगमधेच लिहिलेला असतो.

चीटिंग आहे का ते तुझ्या जगात तू ठरव, एकट्याच्या जगात कोणाचं काही जात नाही. ज्याच्याकडे दिवसाला अर्धाच तास खेळायला असतो त्याने नकाशा बघून जावं, त्याचा वेळ बेटावर घर बांधण्यात जाऊ दे. पण ज्याला वेळ आहे त्याने एकदा तरी न बघता शोधावं असं मला मनापासून वाटतं. मला पहिलं बेट सापडायला तीन रविवार लागले होते, धुक्यातून आधी नुसता एक लाल ठिपका दिसला, आणि माझा मावसभाऊ खुर्चीवरून उठून ओरडला ते अजून आठवतं. ते नकाशात बघून होत नाही. सर्व्हरवर मात्र जे ठरलं असेल तेच, लपूनछपून सीड काढायचा नाही.

७. साइटवर बेट दाखवतंय, तिथे गेलो तर नुसतं पाणी. साइट खोटी आहे का?

साइट बरोबर असते, आपली सेटिंग चुकलेली असते. मला आलेल्या अशा तक्रारींमधे सगळ्यात जास्त वेळा व्हर्जन चुकलेलं निघालं. साइटवर व्हर्जन निवडायचं असतं, १.१७ आणि १.१८ चा नकाशा एकाच सीडला पूर्ण वेगळा येतो. १.१८ पासून जावा आणि बेडरॉकमधे एका सीडचे बायोम जवळपास सारखे असतात पण त्याआधी तसं नव्हतं.

दुसरी चूक उणे चिन्हाची. झेड उणे ३२०० च्या ऐवजी झेड ३२०० ला गेलास तर तू बरोबर उलट्या बाजूला आहेस. आणि मधला वाय आकडा उंचीचा असतो, आडव्या दिशा एक्स आणि झेड, तीन आकड्यांतले पहिले दोन घेऊन निघालेली पोरं मी बघितलीयेत. जग लार्ज बायोम्स प्रकारचं असेल तर साइटवर पण तेच निवडायचं.

खरा किचकट प्रकार जुन्या जगात होतो. समज जग २०२० मधलं आहे आणि तू ते अपडेट करत आलायस. जिथे तू आधी फिरलायस तिथली जमीन जुन्या व्हर्जनचीच राहते, आणि जिथे कधी गेलाच नाहीस तिथे नव्या व्हर्जनने जमीन बनते. म्हणजे साइट नवीन नकाशात बेट दाखवेल पण तो भाग तू १.१८ च्या आधीच बोटीने ओलांडला असशील तर तिथे पाणीच राहणार. अशा जगात कधीही न फिरलेल्या भागातलंच बेट निवडायचं.

८. कमांड नाही, सीड नाही, फक्त खेळून शोधायचंय. पद्धत सांगा.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे म्हणून उत्तर लांबणार.

आधी जवळचा मोठा समुद्र शोध, तळं किंवा नदी नाही. मग किनाऱ्याला काटकोनात सरळ आत निघ. किनाऱ्याच्या बाजूबाजूने जाऊ नको, हीच चूक सगळे करतात कारण जमीन दिसत राहिली की बरं वाटतं. समोर जमीन दिसायला लागली तर तिच्यापासून लांब वळ. तुला जमीन टाळायचीय.

जावा असेल तर कीबोर्डवरचं एफ३ दाब, स्क्रीनवर सगळी माहिती येते, तिच्यात बायोमच्या नावात डीप आलं की तू खोल समुद्रात आहेस. यात एक मेख आहे. प्रवाळ असलेल्या गरम समुद्राला, म्हणजे वॉर्म ओशनला, आता डीप प्रकारच नाही, तिथे कितीही आत गेलास तरी नाव तेच राहतं, म्हणून प्रवाळ दिसले तर नावावर विसंबू नको.

आणि एकट्याच्या जगात त्याच एफ३ मधे नॉइज राउटर नावाची एक ओळ असते, तिच्यात सी अक्षरापुढे जो आकडा आहे तोच प्रश्न ३ मधला कॉन्टिनेंटलनेस. हे कळलं तेव्हा मला होकायंत्र मिळाल्यासारखं झालं. शंभरेक ब्लॉक जा, आकडा बघ. उणे ०.५ चा उणे ०.७ झाला तर दिशा बरोबर, तसाच पुढे जा. उणे ०.७ चा परत उणे ०.५ झाला तर जमीन जवळ येतेय, वळ. प्रत्येक वेळी उणे १.०५ पर्यंत पोचत नाही, बऱ्याचदा उणे ०.९ ला जाऊन परत चढतो, मग तो भाग सोडायचा आणि पुढच्या खोल भागाकडे जायचं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ही ओळ दिसत नाही.

मोबाईलवर किंवा सर्व्हरवर असाल तर पट्ट्या मारायच्या, शेतात नांगर फिरवतात तशा. रेंडर डिस्टन्स (किती लांबपर्यंत दिसतं ते) १२ चंक (१६ ब्लॉकचा एक तुकडा) असेल तर दोन्ही बाजूला १२ गुणिले १६ म्हणजे १९२ ब्लॉक दिसतं, तर एक पट्टी सरळ जायची, मग ३५० ब्लॉक बाजूला सरकून उलट्या दिशेने परत यायचं. सर्व्हरने डिस्टन्स १० वर ठेवलं असेल तर ३०० धर. गोल गोल फिरत बसलं तर कुठे जाऊन आलो ते दोन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही, पट्टीत फिरलं की वहीत एक ओळ पुरते: झेड किती होता आणि एक्स कुठून कुठपर्यंत.

९. बोटीतून निघताना सोबत काय घेऊ?

बेड सगळ्यात आधी. त्यानंतर शिजवलेलं खाणं, एक जास्तीची बोट, दोन स्टॅक लाकूड, रोपटी, मातीचा एक स्टॅक, बिया, टॉर्च, बादली आणि गहू. बेटावर झाडं नसतात, म्हणून लाकूड आणि रोपटी विसरलास तर कुऱ्हाडीचा दांडा बनवायला पण काही मिळत नाही. माती यासाठी की मायसेलियमवर शेत खणायचं 'हो' (hoe) नावाचं अवजार चालत नाही, शेत करायला माती लागते. गहू कशाला ते १६ मधे.

बोट सेकंदाला साधारण ८ ब्लॉक जाते, म्हणजे ६४०० ब्लॉकला सव्वा तेरा मिनिटं. त्यामुळे अंतराचं टेन्शन घेऊ नको, रात्रीचं घे. रात्री पाण्यात ड्राउंड, म्हणजे पाण्यातले झोंबी, असतात आणि एखाद्याच्या हातात त्रिशूळ असतो. मी एकदा एका फेरीत तीन हजार ब्लॉक आत जाऊन असाच मेलो, कॉर्डिनेट लिहिले नव्हते, वाटेत कुठे बेड लावला नव्हता, थेट घरी जागा झालो आणि पडलेलं सामान शोधायला परत निघालो पण कुठे शोधणार. तेव्हापासून नियम केलाय की वाटेत जे छोटं बेट किंवा हिमनग लागेल तिथे झोपायचं, आकडे लिहायचे, एक पेटी ठेवायची आणि अर्धं सामान तिच्यात.

१०. नेदरमधून लवकर पोचता येतं म्हणतात, कसं?

नेदरमधे १ ब्लॉक चाललास की बाहेरच्या जगात ८ होतात. बेट एक्स ४८००, झेड उणे ३२०० ला असेल तर दोन्हीला ८ ने भाग, नेदरमधे एक्स ६००, झेड उणे ४०० ला पोर्टल बांध. उंचीला भागायचं नाही. हे फक्त जागा माहीत असेल तरच उपयोगाचं, शोधायला नाही, कारण नेदरमधून समुद्र दिसत नाही.

पोर्टल बरोबर बेटावरच उघडेल असं नाही, जरा चुकलं तर समुद्रावर हवेत किंवा तळाखालच्या गुहेत पण उघडतं, म्हणून पहिल्यांदा जाताना कुदळ आणि ब्लॉक हातात ठेव.

११. कार्टोग्राफर व्हिलेजरकडून या बेटाचा नकाशा मिळतो का?

नाही. त्याच्याकडून ओशन मॉन्युमेंटचा आणि वुडलँड मॅन्शनचा नकाशा मिळतो. पण मॉन्युमेंट खोल समुद्रातच असतं, त्यामुळे तो नकाशा निदान खोल पाणी कुठे आहे ते तरी सांगतो. तिथून प्रश्न ८ ची पद्धत सुरू करायला हरकत नाही, बेट तिथेच असेल याची खात्री नाही.

१२. लांबून बेट कसं ओळखायचं? मोबाईलवर एफ३ नाहीये.

हिरवं नसलेलं बेट बघ. लांबून राखाडी दिसतं, दगडाचं वाटतं, मग लाल टोप्या दिसायला लागतात. हातात गेममधला नकाशा धरला असेल तर अजून सोपं, मायसेलियम नकाशावर जांभळं दिसतं, असा मोठा जांभळा डाग सहसा दुसऱ्या कशाचा नसतो.

पीसीवर मॉड चालत असतील तर नेचर्स कंपास नावाचा मॉड दिशा दाखवतो. सर्व्हरवर लावायच्या आधी विचारून घे.

१३. तुम्ही म्हणता मॉन्स्टर येत नाहीत, मग माझ्यावर रात्री हल्ला कसा झाला?

नियम असा आहे की या बायोममधे नेहमीच्या पद्धतीने मॉन्स्टर तयार होत नाहीत. बाहेर तयार झालेला इथे येऊ शकत नाही असं कोणी म्हटलेलं नाही. बेटाच्या चारही बाजूला समुद्र आहे, तिथे ड्राउंड तयार होतो आणि चालत वर येतो, किनाऱ्याला लागून घर बांधलेल्यांना हा अनुभव येतोच. बेटाच्या मधे घर बांध.

हल्ला आकाशातून झाला असेल तर तो फँटम. जावामधे फँटम बायोम बघत नाहीत, तू ३ दिवस झोपला नाहीस एवढंच बघतात, आणि गेमचा दिवस २० मिनिटांचा म्हणजे आपला एक तास झाला. बेट सुरक्षित आहे म्हणून मुलं झोपायचंच सोडतात आणि मग हे येतात.

खाणीत हल्ला झाला असेल तर दोन शक्यता. एकतर खाली जुनी माइनशाफ्ट किंवा डंजन आहे आणि त्यात स्पॉनर (मॉन्स्टर बनवणारा पिंजऱ्यासारखा ब्लॉक) आहे, स्पॉनर इथेही चालतो. नाहीतर खाली वेलींची लश केव्ह लागलीय. १.१८ पासून बायोम उंचीप्रमाणे पण बदलतो, म्हणजे वर मशरूम फील्ड्स असलं तरी खाली लश केव्ह असू शकते, आणि तिथे नेहमीसारखे झोंबी येतात. एफ३ वर नाव बदललं की समजून जा. आणि बेटावर नेदर पोर्टल बांधलं असेल तर त्यातून अधूनमधून झोंबीफाइड पिगलिन बाहेर येतो, तो तू मारल्याशिवाय काही करत नाही.

पिलेजरची (लुटारूंची) गस्त मात्र इथे कधीच येत नाही.

१४. बेटावर पूर्ण अंधार करून मॉब फार्म बांधला, दोन तास एकही मॉब नाही. काय चुकलं?

मॉब फार्म म्हणजे मॉन्स्टर आपोआप तयार होऊन त्यांचं सामान मिळावं म्हणून बांधलेली अंधारी जागा. बांधकाम बरोबर असेल, जागा चुकली. ज्या कारणाने तू रात्री शांत झोपतोस त्याच कारणाने फार्म रिकामा आहे. स्लाइम चंक बघून खोदलं असेल तरी इथे स्लाइम येणार नाहीत. फार्म बेटापासून लांब, समुद्रावर उंच बांध. ज्यांना गनपावडर आणि हाडं सारखी लागतात त्यांनी मुख्य घर बेटावर आणि फार्म दुसरीकडे असंच ठेवावं.

१५. मायसेलियम घरी नेऊन अंगणात लावलं तर घर पण सुरक्षित होईल का?

नाही, आणि हा प्रश्न जवळपास दर आठवड्याला येतो. सुरक्षितपणा त्या जागेच्या बायोमचा आहे, ब्लॉकचा नाही. अंगणात मायसेलियम पसरलं तरी क्रीपर येणार आणि मूशरूम आपोआप येणार नाही. उलट बाजूने पण खरं आहे, बेटावरचं सगळं मायसेलियम काढून फरशी घातलीस तरी बेट सुरक्षितच राहतं, त्यामुळे बांधकामाची भीती नको.

दिसायला छान म्हणून न्यायचं असेल तर सिल्क टच नावाची जादू लावलेलं फावडं लागतं, साध्याने काढलं तर हातात माती येते. लावल्यावर उजेडात ते बाजूच्या मातीवर पसरत जातं, बाग असेल तर कडेला दगडाची ओळ घाल.

जावामधे १.१९.३ पासून फिलबायोम कमांड आहे, तिने खरोखर बायोमच बदलता येतो. ते चीट्समधे.

१६. मूशरूम घरी कशी आणू? आणि तपकिरी कुठे मिळते?

गहू हातात धर, मागे येते. किनाऱ्याला बोट लाव, तिला बोटीत ढकल, ती बसली की तू पण बस आणि वल्हव. दोन आणायच्या तर दोन फेऱ्या किंवा दोन मित्र. घरी आणल्यावर दोघींना गहू दिला की वासरू होतं. बायोमचं बंधन आपोआप जन्मण्याला आहे, पाळायला नाही, त्यामुळे अगदी वाळवंटात पण गोठा चालतो.

ही गाय म्हणजे चालतं-फिरतं स्वयंपाकघर आहे. बादलीने दूध आणि लाकडी वाडग्याने मशरूम स्टू, कितीही वेळा. एका वाडग्याने भुकेची ३ चित्रं भरतात. वाडगे तीन फळ्यांत चार होतात. फक्त स्टूचे वाडगे एकावर एक ठेवता येत नाहीत म्हणून प्रवासाला ब्रेडच बरा. कात्रीने कापू नको, ५ मशरूम मिळतात आणि तिची साधी गाय होते, परत मूशरूम करता येत नाही. आमच्याकडे एकाने नवीन कात्री करून बघायला म्हणून पहिल्याच दिवशी चारही कापल्या होत्या, बिचारा रडायला आला होता.

तपकिरी मूशरूम २०१९ च्या १.१४ पासून आहे. लाल मूशरूमवर वीज पडली की ती तपकिरी होते, परत पडली तर परत लाल. चॅनलिंग (वीज पाडायची जादू) लावलेला त्रिशूळ असेल तर गडगडाटी वादळात तिच्यावर फेकायचा. दोन लालांपासून तपकिरी वासरू व्हायची शक्यता १०२४ मधे १, त्यामुळे वादळाची वाट बघणं परवडतं.

१७. अ‍ॅडव्हेंचरिंग टाइम पूर्ण करायला हे बेट लागतंच का?

अ‍ॅडव्हेंचरिंग टाइम म्हणजे वेगवेगळे बायोम फिरायचं आव्हान. जावामधे हो, बाहेरच्या जगातले सगळेच बायोम लागतात, बदल्यात ५०० एक्सपी (अनुभवाचे गुण). बेडरॉकमधे कुठलेही १७ बायोम चालतात, त्यामुळे बेटाशिवाय होतं. व्हर्जन १.१८ च्या आधीचं असेल तर बेटाचा किनारा हा वेगळा बायोम होता, तिथे पण पाय ठेवायचा.

१८. माझा मुलगा आठवडाभर नुसता पाण्यात बोट चालवतोय. यात काही अर्थ आहे का? (एका आईचा प्रश्न)

ताई, त्याच्या टेबलावरची वही उघडून बघा. त्यात एक्स आणि झेडचे आकडे असतील, उणे-अधिक चिन्हं असतील, कदाचित ८ ने भागाकार असेल. सहावी-सातवीतल्या मुलांना ऋण संख्या शाळेत शिकवताना फळ्यावर बऱ्याचदा कळत नाहीत, इथे चिन्ह चुकलं की बोट चुकीच्या समुद्रात जाते आणि मग बरोबर लक्षात राहतं. मी हे आमच्या पोरांमधे बघितलंय म्हणून सांगतोय. वही नसेल तर त्याला एक द्या, आणि एक दिवस शेजारी बसून विचारा की कोणत्या बाजूला शोधून झालं.

वेळ मात्र तुम्ही ठरवा. बेटावरून परत येताना मधेच थांबवलं तर चिडतो, म्हणून निघायच्या आधीच सांगा की आज अमुक वाजेपर्यंत. गेम सेव्ह होतो, बोट उद्या तिथेच असते. आणि अनोळखी सर्व्हरवर खेळत असेल तर नाव, शाळा, पत्ता कोणाला सांगायचा नाही हे त्याला नक्की सांगून ठेवा.

१९. सर्व्हरवर आम्हाला बेट सापडलं, आता तिथल्या सगळ्या मूशरूम आमच्या का?

आमच्या जगात नियम आहे की सापडलं त्याने पाटीवर नाव लिहायचं, हव्या तेवढ्या गायी न्यायच्या, पण तिथे निदान दोन सोडायच्या. यामागे कारण आहे. गायी-मेंढ्या-मूशरूम बहुतेक तो भाग पहिल्यांदा तयार होतो तेव्हाच येतात, नंतर नवीन फार हळू येतात. पहिल्याने सगळ्या नेल्या तर सहा महिन्यांनी दुसरा कोणी तीन रविवार बोट चालवून तिथे पोचेल आणि त्याला रिकामं राखाडी बेट मिळेल. दोघी सोडल्या असतील तर त्याच्या खिशात गहू आहेच, तो तिथेच कळप वाढवेल. कुंपण घालून ठेवलं तर अजून चांगलं, नाहीतर त्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरतात आणि लांब जातात.